नांगर घेणार का? 'लई भारी' आणि खरा फीडबॅक

(हे एपिसोडचं लिखित रूप आहे. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



कोल्हापुरात कुणालाही तुमची नवी धंद्याची आयडिया सांगून बघा. उत्तर ठरलेलं आहे. "लई भारी भावा!" आयडिया मिसळीच्या क्लाऊड किचनची असो, ट्रॅक्टर भाड्याने देणाऱ्या ॲपची असो, नाहीतर चपलांच्या ऑनलाइन दुकानाची. फारच आवडली तर "नाद खुळा". त्याच्याही पुढे गेलं तर "विषय हार्ड". ज्या गावाची घोषणाच 'जगात भारी' आहे, तिथं 'भारी' हा शब्द मिळवायला फार कष्ट पडत नाहीत. आणि तो खोटाही नसतो. समोरचा माणूस प्रेमानंच म्हणत असतो. अडचण एवढीच की त्या शब्दावरून तुमचा माल खपणार की नाही, हे काहीच कळत नाही.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. आमच्या धंद्यात 'फीडबॅक' हा शब्द दिवसातून वीस वेळा ऐकू येतो, जणू काही तो सिलिकॉन व्हॅलीतच जन्माला आला. पण हा प्रश्न जुना आहे. नवीन वस्तू घेऊन लोकांसमोर उभं राहायचं आणि त्यांच्या मनात खरं काय आहे ते ओळखायचं, हे आपल्या भागातल्या माणसांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी केलंय. लॅपटॉप नव्हता, सर्व्हे फॉर्म नव्हता. आज त्यातल्या तीन गोष्टी सांगतो. पहिली बेळगावची, दुसरी मुंबईची आणि तिसरी आपल्या भाऊसिंगजी रोडवरची.

"लोखंडानं जमीन विषारी होते"

पहिली गोष्ट लक्ष्मणराव किर्लोस्करांची. नाव सगळ्यांना माहीत असतं. गोष्ट मात्र बहुतेकांनी अर्धीच ऐकलेली असते.

जन्म १८६९चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथं कळलं की काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत. मग रंग सोडले आणि यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले. पुढं मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवायला लागले. बढतीच्या वेळी त्यांना डावलून दुसऱ्याला जागा दिली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला परतले. तिथं भावासोबत सायकलींचं दुकान होतंच. मग शेतीची यंत्रं बनवायला सुरुवात केली. आधी कडबा कापायचं यंत्र आणि मग, १९०३च्या सुमारास, लोखंडी नांगर.

आता गोष्टीचा प्रसिद्ध भाग. नांगर तयार झाला, पण शेतकरी घेईनात. का? तर लोखंडानं जमीन विषारी होते. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी इथंच थांबते आणि तात्पर्य येतं: बघा, लोक किती अंधश्रद्धाळू होते आणि उद्योजक किती जिद्दी. मोटिव्हेशनल रीलसाठी एकदम फिट. मला मात्र ही गोष्ट पहिल्यापासून खटकते. सांगतो का ते.

तुमच्या आजोबांना विचारा, लाकडी नांगराच्या टोकाला काय असायचं? फाळ. आणि फाळ कशाचा? लोखंडाचा! कुळवाची फास लोखंडाची. खुरपं, विळा, कुदळ, पहार, सगळं लोखंडाचं. म्हणजे ज्या जमिनीत पिढ्यानपिढ्या लोखंड फिरत होतं, ती जमीन किर्लोस्करांच्या नांगरानं एकदम विषारी कशी होईल? हे शेतकऱ्याला कळत नव्हतं असं मानायचं का? मला तसं वाटत नाही.

मला वाटतं 'विषारी' हे बोलून दाखवलेलं कारण होतं. न बोललेली कारणं दुसरी असणार. इथून पुढचं माझं अनुमान आहे, पण त्या काळची शेती कशी चालायची हे आपल्याला माहीत आहे, त्यावरून केलेलं.

लाकडी नांगर गावातला सुतार करून द्यायचा. फाळाला धार लोहार लावायचा. त्यांना रोख पैसे द्यावे लागत नव्हते. सुगीला धान्य द्यायचं, बलुतं. नांगर मोडला तर सुतार हाकेच्या अंतरावर. म्हणजे आजच्या भाषेत वर्षभराचा मेंटेनन्स करार आणि घरपोच सर्व्हिस, तीही उधारीवर! आता कारखान्यातला नांगर आला. तो रोखीनं घ्यायचा. भाग तुटला तर बेळगाव गाठायचं. तो खोल जातो, माती नुसती उकरत नाही तर पालथी घालतो, म्हणून बैलांना ओढ जास्त. माझ्या बैलांना झेपेल का? खालची माती वर आली तर पीक येईल का? आणि सुताराला नाही म्हटलं तर उद्या घराचं दार बसवायला कोण येईल?

हे सगळे प्रश्न शहाण्या माणसाचे आहेत. पण गावात आलेल्या शिकल्या-सवरलेल्या माणसापुढं कोण म्हणेल की "साहेब, माझ्याकडं रोख नाही आणि माझे बैल अशक्त आहेत"? त्यापेक्षा "लोखंडानं जमीन बिघडते" म्हणणं सोपं. स्वतःची अडचणही उघडी पडत नाही आणि समोरच्याला वाईटही वाटत नाही.

आजही असंच होतं बघा. "सध्या टाइम नाही", "घरी विचारून सांगतो", "ॲप भारी आहे पण फोनमध्ये जागा नाही". ही सगळी त्याच 'विषारी जमिनी'ची भावंडं. नकार खरा असतो, सोबत दिलेलं कारण बहुतेक वेळा शिष्टाचाराचं असतं. ते कारण खरं धरून तुम्ही ॲपची साइज कमी करत बसलात, तर सहा महिने गेले म्हणून समजा.

दोन वर्षं म्हणजे किती?

आता त्या दोन वर्षांकडे बघू. ऐकायला केवढा मोठा काळ वाटतो. दोन वर्षं गिऱ्हाईक नाही!

पण शेतीचं घड्याळ वेगळं आहे. नांगरट वर्षातून एकदा, पीक निघाल्यावर, मृगाच्या आधी. नांगर चांगला की वाईट हे कळायला नांगरटीनंतर पेरणी, मग पीक, मग सुगी. म्हणजे एका प्रयोगाचा निकाल यायला जवळपास वर्ष. दोन वर्षं म्हणजे दोनच संधी! आपण ॲपवर एखादं बटण बदललं तर संध्याकाळपर्यंत कळतं किती जणांनी दाबलं. नांगराचं तसं नाही. आणि प्रयोग फसला तर फोनमधून ॲप काढण्याइतकं ते सोपं नव्हतं. शेतकऱ्याचं वर्षाचं धान्य त्यात अडकलेलं.

याच्या शेजारी कडबा कापायचं यंत्र ठेवून बघा. कडब्याची पेंढी घातली, दांडा फिरवला, बारीक तुकडे खाली पडले. गुरं दांडी न टाकता सगळं खातात हे त्याच दिवशी गोठ्यात दिसतं. निकाल पाच मिनिटांत आणि धोका काहीच नाही. माणूस तोच, कारखाना तोच, गिऱ्हाईकही तेच शेतकरी. पण एका वस्तूचं खरं मत पाच मिनिटांत मिळतं आणि दुसरीचं मिळायला वर्ष जातं.

म्हणून एखाद्याची आयडिया ऐकली की मी आधी विचारतो, ही आयडिया कडबा-कटर आहे की नांगर? कडबा-कटर असेल तर कुणाचं मत विचारायची गरजच नाही, वस्तू पुढं ठेवा आणि बघा. नांगर असेल तर तुमच्याकडे दोन-तीन हंगाम टिकायचा खर्च पाहिजे. शाळांना लागणारं सॉफ्टवेअर घ्या. शाळा ते जूनमध्ये घेतात. जून चुकला की पुढचा जून. हे माहीत नसलेली पोरं डिसेंबरात "मार्केटच नाही" म्हणून दुकान बंद करतात. मार्केट असतं, फक्त निकाल यायचा बाकी असतो.

किर्लोस्कर त्या हंगामांमधून टिकून राहिले. १९१० साली बेळगाव नगरपालिकेला त्यांची जागा हवी होती, म्हणून कारखाना हलवायची वेळ आली. तोपर्यंत त्यांचं काम औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी पाहिलेलं होतं. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन दिली आणि दहा हजार रुपये कर्ज दिलं. निवडुंगानं आणि सापांनी भरलेला तो माळ पुढं किर्लोस्करवाडी झाला. नांगराच्या जोडीला उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पंप आले. १९२०ला किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली आणि त्याच वर्षी 'किर्लोस्कर खबर' नावाचं पत्रक सुरू झालं. गिऱ्हाइकांशी आणि विक्रेत्यांशी बोलत राहायची ती सोय होती. त्याचंच पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं. मराठीतलं एक गाजलेलं मासिक एका यंत्र कारखान्याच्या पत्रकातून निघालं, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

महिन्याचं एका मिनिटात

ज्या वस्तूचा निकाल उशिरा लागतो, तिचं काय करायचं? याचं एक उत्तर नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरच्या माणसानं मुंबईत दिलं. धुंडिराज गोविंद फाळके.

१९११ साली ईस्टरच्या सुमारास त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि डोक्यात घेतलं की आपल्या देवांचे असे चित्रपट काढायचे. आता ही आयडिया १९११ साली कुणाला सांगून बघा! ज्यानं कधी चित्रपट बनताना पाहिला नाही, त्याला 'भारी आहे का?' विचारून काय उपयोग? तो 'भारी' म्हणाला तरी अर्थ नाही आणि 'वेडा आहेस' म्हणाला तरी नाही.

म्हणून फाळके जाणकाराकडे गेले. १९१२च्या सुरुवातीला थेट लंडनला. तिथं 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांना भेटले. कॅबर्ननी तोंडावर सांगितलं, या धंद्यात पडू नका. इंग्लंडमध्ये किती निर्माते अपयशी ठरले ते सांगितलं, भारताचं हवामान याला मानवणार नाही असंही सांगितलं. फाळके ठाम राहिले, तेव्हा याच माणसानं त्यांची सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थच्या स्टुडिओत फाळके चित्रपटाचं तंत्र शिकले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परत आले.

मला कॅबर्न फार आवडतात. नकार दिला, कारणासकट दिला आणि मग दारही उघडून दिलं. असा एक माणूस मिळाला तर त्याला धरून ठेवा. 'भारी' म्हणणारे पन्नास जण त्याच्यापुढं काहीच नाहीत.

पण परत आल्यावर खरा प्रश्न उरलाच. पैसा कोण देणार? चित्रपट म्हणजे नांगराहून वाईट स्थिती. सगळा खर्च आधी, निकाल अगदी शेवटी. इथं फाळक्यांनी जे केलं ते आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांनी पाठ करावं असं आहे. कुंडीत वाटाणा लावला आणि रोज त्याचं थोडं थोडं चित्रण केलं. जवळपास महिनाभर. मग ते पडद्यावर दाखवलं, तर बी रुजतंय, कोंब येतोय, वेल वाढतेय, सगळं मिनिटभरात! 'अंकुराची वाढ' असं त्याला म्हणतात. हे मोजक्या लोकांना दाखवलं आणि त्यातूनच कर्ज द्यायला माणसं तयार झाली.

बघा, त्यांनी काय सिद्ध केलं. हरिश्चंद्राची कथा नाही, नट नाहीत, सेट नाही. पैसेवाल्याच्या मनात शंका एकच होती, "या माणसाला कॅमेरा चालवता येतो का? या मुंबईच्या हवेत फिल्म बिघडत नाही का?" नेमक्या त्या एका शंकेचं उत्तर कुंडीतल्या वाटाण्यानं दिलं. कॅबर्न जे हवामानाचं म्हणाले होते, त्याचंही. एक महिन्याची वाढ मिनिटभरात दाखवली आणि निकालही लवकर मिळवला.

पुढं २१ एप्रिल १९१३ला ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरमध्ये निवडक लोकांना 'राजा हरिश्चंद्र' दाखवला आणि ३ मेला कोरोनेशनमध्ये तो सगळ्यांसाठी लागला. म्हणजे आधी वाटाणा, मग निवडक प्रेक्षक, मग जनता.

आणि मधल्या काळात घरचे दागिने गहाण पडले होते. सरस्वतीबाईंचे. हे वाक्य आपण पटकन ओलांडून जातो, पण आजच्या विषयात मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आयडिया एकाची असते, सोनं घरातल्या दुसऱ्याच कुणाचं तरी असतं. खरा फीडबॅक लवकर मिळवायचा तो यासाठी. आपल्या अहंकाराला बरं वाटावं म्हणून मत गोळा करत फिरायचं आणि घरच्यांचं सोनं पणाला लावायचं, हे काही बरोबर नाही.

चहा वाईट नव्हता

आता कोल्हापुरात या. मुंबईहून कोल्हापूरला येताना एक दुवा देतो. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा किर्लोस्करांना वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले! हेच महाराज आपल्या तिसऱ्या गोष्टीत आहेत.

गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पदरी चाकरीला होते. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला मदत केली. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. नाव 'सत्यसुधारक'.

हॉटेल स्वच्छ, चहा चांगला. गिऱ्हाईक नाही. का नाही, हे त्या काळच्या कोल्हापुरात सगळ्यांना माहीत होतं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार?

आता या ठिकाणी फीडबॅकचं आपलं सगळं शास्त्र लावून बघा. गिऱ्हाईक येत नाही म्हणजे मालात खोट आहे? चहात साखर वाढवू? दर कमी करू? जागा बदलू? काय वाट्टेल ते करा, उपयोग शून्य. कारण नकार चहाला नव्हताच. चहा करणाऱ्या माणसाला होता. बाजार नेहमी मालाबद्दलच बोलत असतो असं नाही. कधी कधी तो बाजारात बसलेल्या माणसांच्या मनातली घाण बोलून दाखवतो.

महाराजांनी काय केलं? "गंगाराम, लई भारी हॉटेल आहे" असं दरबारात म्हणून सोडून दिलं नाही. ते स्वतःची गाडी हॉटेलसमोर उभी करायचे आणि रस्त्यावर, सगळ्यांदेखत चहा मागवून प्यायचे. सोबतच्या मंडळींनाही पाजायचे. छत्रपती पितात म्हटल्यावर इतरांना नाक मुरडणं अवघड झालं.

ही गोष्ट आपण समतेची म्हणून सांगतो, आणि ती तशीच आहे. तिला 'स्टार्टअप टिप' करून लहान करायची माझी इच्छा नाही. पण धंद्याचा विचार करणाऱ्यानं ती विसरूही नये. एकतर, कौतुक आणि आधार यांत फरक काय, तो इथं डोळ्यांसमोर दिसतो. कौतुक चार भिंतींत करता येतं. आधार द्यायचा तर स्वतःचं नाव चौकात लावावं लागतं. आणि दुसरं, सगळ्यांना सारखा खरा फीडबॅक मिळत नाही. माझ्यासारख्या बीटेक झालेल्या पोरानं दुकान काढलं तर लोक निदान माल बघून नाक मुरडतील. कुणाला तर माल दाखवायच्या आधीच, आडनाव ऐकून नकार मिळतो. गावातून आलेल्या, एकट्यानं धंदा करणाऱ्या बाईला "मिस्टर काय करतात?" हा प्रश्न मालाच्या आधी येतो. अशा नकारावर माल सुधारत बसणं म्हणजे स्वतःवर अन्याय. तिथं गिऱ्हाइकांआधी चौकात उभं राहून चहा पिणारा माणूस शोधावा लागतो.

मग आपण विचारायचं काय?

आता आजच्याकडे येऊ. माझ्या ओळखीतल्या एकानं नोकरी सोडून ॲप काढायचं ठरवलंय. गुऱ्हाळघरांसाठी. शेतकऱ्यानं फोनवरूनच उसाचा नंबर लावायचा. वडील त्यासाठी दहा गुंठे विकायला तयार आहेत. त्यानं तीसेक जणांना विचारलं, सगळे म्हणाले, "भारी आहे". मी त्याला विचारलं, "त्या तीस जणांपैकी गुऱ्हाळवाले किती?" म्हणाला, "दोन." "ते काय म्हणाले?" "एक म्हणाला, भारी आहे. दुसरा म्हणाला, लाइट गेली, तोडणीची टोळी आली नाही, तर तुझं ॲप काय करणार?"

मला तो दुसरा माणूस कॅबर्नसारखा वाटला. तीस जणांत त्यानं एकट्यानं खरोखर विचार केला होता.

आमच्या बोलण्यातून जे निघालं ते तुम्हालाही सांगतो.

पहिलं, "वापरशील का?" हा प्रश्न विचारूच नका. भविष्याबद्दल सगळे उदार असतात. "मागच्या हंगामात ऊस घातलास तेव्हा नंबर कसा लावलास? किती फेऱ्या पडल्या? कशाचं नुकसान झालं?" असं मागचं विचारा. रॉब फिट्झपॅट्रिक नावाच्या लेखकाचं 'द मॉम टेस्ट' हे पुस्तक याच मुद्द्यावर आहे. त्याचं म्हणणं असं की प्रश्न इतका नीट विचारा की तुमची आईसुद्धा प्रेमापोटी खोटं बोलू शकणार नाही. आईला "माझं ॲप कसं आहे?" विचारलंत तर संपलंच. "आई, शेवटचं फोनवरून बिल कधी भरलंस?" हे विचारलं तर ती खरंच सांगेल.

दुसरं, समोरच्याला काहीतरी मोजायला लावा. पैसेच पाहिजेत असं नाही. दोन तासांचा वेळ, ओळखीच्या दोघांचे नंबर, शंभर रुपये ॲडव्हान्स, नाहीतर महाराजांसारखं चौकात उभं राहणं. फुकट मिळालेलं मत फुकटच असतं. माणूस काही मोजायला लागला की त्याच्या बोलण्याचा सूर बदलतो. घासाघीस करायला लागला तर खूश व्हा. ज्याला घ्यायचंच नसतं तो कशाला घासाघीस करेल?

तिसरं, 'विषारी जमीन' ऐकू आली की वाद घालू नका आणि खरीही धरू नका. अजून एक प्रश्न विचारा. "समजा फुकट दिलं, तर?" तरीही नको म्हणाला तर अडचण किमतीची नाही. "समजा मी स्वतः येऊन चालवून दिलं, तर?" त्याला हो म्हणाला तर अडचण शिकायची आहे. असं एकेक कारण बाजूला करत गेलं की शेवटी खरं कारण हाताला लागतं. आम्ही कोडमधली चूक अशीच शोधतो.

चौथं, तुमचा वाटाणा शोधा. सगळं ॲप बांधू नका. सगळ्यात मोठी शंका कुठली, तेवढ्याच शंकेचं उत्तर देणारी लहानात लहान गोष्ट करा. माझ्या मित्राच्या बाबतीत ॲप नकोच होतं. एक गुऱ्हाळ, एक व्हॉट्सॲप ग्रुप, एक वही. हंगामात महिनाभर त्यानं स्वतः नंबर लावून द्यायचे. शेतकऱ्यांनी फोन करायचं थांबवून ग्रुपवर यायला सुरुवात केली तर पुढं बोलू. त्याला ते पटलंय असं दिसतंय. दहा गुंठे तूर्त शाबूत आहेत. हंगाम सुरू झाला की तो शिये रोडकडच्या एका गुऱ्हाळावर जाऊन बसणार आहे. पुढं काय होतं ते मला माहीत नाही, त्यालाही नाही. म्हणूनच तर जायचं.

उद्यमनगरची रीत

आणि हे सगळं परदेशातून शिकायची गरज आहे असंही नाही. आपल्या उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावला फौंड्रीवाल्यांना विचारा. मोठी ऑर्डर मिळाली म्हणून कुणी पहिल्याच दिवशी हजार कास्टिंग ओतत नाही. आधी पॅटर्न, मग सॅम्पल. सॅम्पल वरून कितीही चकाचक दिसू दे, पार्टी ते मधून कापून बघते. आत पोकळी आहे का, धातू सगळीकडं नीट पोचलाय का. खोट निघाली तर पॅटर्न दुरुस्त करायचा, पुन्हा ओतायचं, पुन्हा कापायचं. यात कुणाला अपमान वाटत नाही. सॅम्पल कापायसाठीच असतं! उलट न कापता "भारी आहे, पाठव हजार" म्हणणारी पार्टी भेटली तर अनुभवी फौंड्रीवाला घाबरतो. कारण हजार नग रिजेक्ट होऊन परत आले की काय होतं ते त्यानं पाहिलेलं असतं.

लोखंडाच्या बाबतीत आपल्याला हे शहाणपण आहे. आयडियाच्या बाबतीत मात्र आपण कास्टिंग वरून पुसून सगळ्यांना दाखवत फिरतो आणि कुणी करवत काढली की रुसतो.

तर मंडळी, तुमच्या डोक्यात काही शिजत असेल तर या आठवड्यात एवढंच करा. ज्याला ती वस्तू खरंच लागणार आहे अशा एका माणसाकडे जा. तुमची आयडिया सांगू नका. त्याचं काम आज कसं चालतं ते विचारा आणि अर्धा तास गप्प बसा. काय ऐकलंत ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. चांगल्या नोट्स पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये, तुमची हरकत नसेल तर, ऐकवीन.

आणि हा एपिसोड कसा वाटला तेही सांगा. फक्त 'लई भारी' लिहू नका. कुठं कंटाळून पुढं ढकललात, तो मिनिट सांगा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!